सही
बाळंतपणाच्या बाराव्या दिवसापासून डोक्यावर वैरणीचा भारा. पुढं अंग बाहेर यायला लागलं, तेही वर्षानुवर्षं लाजेनं झाकलं. शेवटी डॉक्टरांनी खालच्या वाटेनं जाळी बसवली. कागदावर सही मालकांची. जाळी म्हणजे काय, मला कुणी सांगितलं नाही.

आता बसलं की टोचतं, अंगावरनं लाल जातं. बांधावरच्या लिंबाला बांधलेली तार खोडानं गिळली, तशी ही मासात रुतलीय. सगळी निघेलच असं नाही म्हणतात. अमेरिकेत २०१९ साली सरकारनं अशा जाळीची विक्री थांबवली, हे नातीनं वाचून दाखवलं.

मग दोष कुणाचा? मालकांनी माझ्या भल्यासाठीच सही केली. पण दहावी शिकलेली मी, सातबारा वाचते, तो कागद का नाही मागितला?

परवा पुन्हा दवाखान्यात गेलो. मालकांनी खिशातनं पेन काढलं. मी हात पुढं केला.