ताम्रपटावरील चेहरा आणि त्याचे नाव

सतराव्या शतकातील युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले व्यक्तिचित्र ही निव्वळ कलावस्तू नव्हती. ती प्रतिष्ठेची सनद होती. चौदाव्या लुईच्या दरबारातील रोबेर नांतय याच्या चित्रांत लंबवर्तुळाकार चौकट आणि तिच्यावर कोरलेले नाव व पदव्या हा ठरलेला सरंजाम दिसतो. चेहरा व्यक्तीचा, भोवतालची चिन्हे मात्र पदाची. नांतय समोर बसलेल्या माणसाचे रेखाटन करीत असे. त्यामुळे त्याच्या चित्रात या दोहोंचा निदान करार तरी होता.

हा करार मोडला म्हणजे काय होते? हा प्रश्न आपल्याकडे केवळ सैद्धान्तिक राहिलेला नाही. दख्खनचे राजे व सरदार यांची गोवळकोंड्याच्या शैलीतील छोटी चित्रे युरोपीयांनी विकत घेतली. आम्सटरडॅमच्या विट्सेनच्या संग्रहातील अशा चित्रांचा एक संच आज तेथील राइक्सम्युझियममध्ये आहे. पुढे फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या १७२४ ते १७२६ या काळात प्रसिद्ध झालेल्या डच ग्रंथात शिवाजी महाराजांचे कोरीव चित्र छापले गेले. महाराजांचे निधन १६८० मधले. म्हणजे ज्याने कधी पाहिले नाही त्याने दुसऱ्याच्या चित्रावरून कोरलेला हा चेहरा. कुंचल्याचा रंग गेला, त्याच्या जागी छिन्नीच्या रेषा आल्या. अशा चित्रात ओळख पटवण्याचे काम चेहरा करीत नाही. ते खालची अक्षरे करतात.

या अक्षरांचे सामर्थ्य किती, हे आपण अनुभवले आहे. मनुचीच्या ग्रंथातील इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराष्ट्रात दीर्घ काळ महाराजांचे म्हणून पूजिले जात होते. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाइनमधील चित्र पुढे आणले व ही चूक दुरुस्त झाली. त्या काळात भक्ती उणी पडली नव्हती. मग चेहरा निरर्थकच होता असे म्हणावे काय?

असे म्हणण्याचा मोह होतो. पूजा चेहऱ्याची नसून अर्थाची होती आणि अर्थ तर चिन्हांनी पुरवलाच होता, असा हा युक्तिवाद. पण व्यक्तिचित्र केवळ चिन्ह नसते. ते 'हा तो' असे विधानही करते. विधान खोटे ठरू शकते आणि खोट्या विधानाचे ऋण कोणाच्या तरी माथी राहते. महाराजांच्या बाबतीत ते बेंद्र्यांनी फेडले. इब्राहिमखानाच्या बाबतीत मात्र कोणी फेडले? त्याचा चेहरा आपण वापरला, नाव पुसले आणि चूक कळताच चेहराही बाजूला सारला. त्या चेहऱ्याकडे तो एका माणसाचा म्हणून पाहावे, असे कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही.

भिवंडीत हा प्रश्न अधिक धारदार होतो. कल्याण-भिवंडी महाराजांनी १६५७ मध्ये घेतली. त्याच भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल उसळली, ती जळगाव व महाडपर्यंत पोचली आणि न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. दंगलीच्या कारणांचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. एवढेच म्हणता येईल की, मिरवणुकीत प्रतिमा फिरते तेव्हा तीत चिन्हे उरतात, व्यक्ती उरतेच असे नाही. आणि समोरच्या गल्लीतल्या माणसाकडेही मग चिन्ह म्हणूनच पाहिले जाते.

प्रतिष्ठा चिन्हांतून देता येते, लादता येते, चुकून दुसऱ्यालाही देता येते. ओळख मात्र द्यावी लागते ती एकेका माणसाला, त्याच्या स्वतःच्या नावाने. एका मुसलमान सरदाराच्या चेहऱ्यासमोर आपले पूर्वज श्रद्धेने नतमस्तक झाले, ही घटना लाजेची मानण्याचे कारण नाही. कारण असेल तर ते त्या सरदाराच्या विस्मरणाचे आहे.