‘हे’ आले का?

रायपूरच्या एका रुग्णालयात परिचारिका आणि घरोघरी वृद्धांना सांभाळणाऱ्या मुली यांच्यासाठी डिमेन्शियाविषयी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. इंग्रजी टिपणं हिंदीत करून देणं आणि अडलं तर वर्गात दुभाषी म्हणून बसणं, एवढंच माझं काम. दुपारच्या चहानंतर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरी ती आजींना सांभाळते. आजी रोज दिवेलागणीला विचारतात, “हे आले का?” मुलगी छत्तीसगढी बोलणारी, तिच्या बोलीत ‘हे’ म्हणजे ‘आहे’. ‘हे’ म्हणजे आजोबा, हे सूनबाईंनी समजावलं तेव्हा तिला कळलं. आणि आजोबांना जाऊन अकरा वर्षं झालेली. पहिल्या दिवशी तिने खरं सांगितलं. आजी ऊर बडवून रडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच रडणं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “येतीलच, गाडी लेट आहे.” आजी शांत झाल्या. “पण रात्री मलाच झोप लागली नाही,” ती म्हणाली. “खोटं बोलायचं की नाही, तेवढं सांगा.”

या प्रश्नाला शुश्रूषेच्या जगातही एकच उत्तर कधी मिळालेलं नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत रुग्णाला वास्तवाची सतत आठवण करून देण्याची पद्धत रूढ झाली : आज वार कुठला, तुम्ही कुठे आहात, कोण हयात आहे. त्याविरुद्ध नेओमी फाइल या समाजसेविकेने मांडलं, की चूक दुरुस्त करू नका, चुकीमागची भावना ओळखा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ साली आपल्या पुस्तकात अशा १७ वागणुकींची यादी दिली, ज्यांनी सांभाळणारी माणसंच नकळत रुग्णाचं माणूसपण खच्ची करतात. त्या यादीत फसवणूक आहे आणि रुग्णाची भावना नाकारणंही आहे. म्हणजे मुलीची तिसऱ्या दिवशीची चूक आणि पहिल्या दिवशीची चूक, दोन्ही एकाच यादीत!

आपण कोणाला मृत्यूची बातमी का सांगतो? त्याला रडता यावं, चार माणसांनी येऊन बसावं, तेरावा व्हावा, वर्षश्राद्ध व्हावं आणि हळूहळू त्या दुःखाला घरात एक जागा मिळावी म्हणून. ज्याच्या स्मरणात काही टिकतच नाही, त्याच्या वाट्याला यातला फक्त पहिला दिवस येतो, आणि तो रोज येतो. अनुवाद करणाऱ्याला ही गत ओळखीची आहे. एकेक शब्द बिनचूक उतरतो आणि वाक्य मात्र खोटं पडतं. आजींना रोज सांगितलेला मृत्यू असाच आहे.

म्हणून खोटं बोलावं का? जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धनिवासाबाहेर बसथांबा उभारला होता, जिथे बस कधीच थांबत नसे. ‘घरी जायचंय’ म्हणून बाहेर पडलेले वृद्ध तिथे बसत, जरा वेळाने निवत, मग कोणी त्यांना आत नेई. यात करुणा आहे, हे मी नाकारत नाही. पण मला त्या मुलीची उडालेली झोप जास्त मोलाची वाटते. जो आपलं खोटं कधीच पकडू शकणार नाही, त्याच्याशी खोटं बोलणं सगळ्यात सोपं असतं. आज ‘गाडी लेट आहे’, उद्या भातात कालवलेली गोळी, परवा ‘लेक येतेय हं’ म्हणून बाहेरून लावलेली कडी. यातलं कुठलं आजींसाठी आणि कुठलं आपल्या सोयीसाठी, हे विचारणारं दुसरं कोणी घरात नसतं.

टिपणात तिसरी वाट होती. “ह्यांची वाट बघताय का, आजी? ते यायचे तेव्हा काय करायचात तुम्ही?” यात आजोबा गेल्याचंही नाही, येणार असल्याचंही नाही. हा ‘नरो वा कुंजरो वा’ झाला, असं कोणी म्हणेल. पण युधिष्ठिराचं अर्धसत्य एका बापाच्या हातातलं शस्त्र गळून पडावं म्हणून होतं. ते बोलून झाल्यावर त्याला द्रोणांपाशी थांबायचं नव्हतं. इथे बोलणाऱ्याला थांबायचं असतं. सगळा फरक त्या थांबण्यात आहे.

आणि थांबायला वेळ लागतो, माहिती लागते. आजोबा कुठे नोकरीला होते, आजी त्यांना काय करून घालत, ‘हे’ म्हणजे कोण. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटातल्या माहुताच्या बायकोला स्मृती हरवलेल्या शास्त्रीबुवांशी कसं वागावं हे कोणी शिकवलेलं नसतं. तिला ते उमजतं. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे ७ जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना, डिमेन्शिया आहे. इतक्यांना सांभाळण्याचं काम कोणाला उमजेल न उमजेल यावर सोडता येत नाही. ते शिकवावं लागतं, आणि शिकलेलं वापरायला सवड असेल असा पगार आणि अशा पाळ्या द्याव्या लागतात. बारा तास एकटीने राबणाऱ्या मुलीला ‘भावना ओळखा’ म्हणून सांगणं ही आपली सोय झाली.

मुलीचं समाधान झालं नव्हतं. “आणि आजींनी सरळच विचारलं, ‘ते गेले का गं?’ तर?”

याचं उत्तर टिपणात नव्हतं. प्रशिक्षण देणाऱ्या वयस्क सिस्टर क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग खरं सांग. त्यांनी विचारलं म्हणजे त्यांना ते या घडीला माहीत आहे; तेव्हा त्यांना एकटं पाडू नकोस. पण आधी शेजारी बस. उभ्या उभ्या सांगू नकोस.”

मूळ इंग्रजीत नसलेलं वाक्य मी अनुवादात सहसा घालत नाही. हे घातलं.