सोसायचं कुणी?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 14व्या श्लोकावर. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात. ते सोसायला शिक, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

मागच्या पौषात मी घाटंजीला घरी होते. रात्री पारा 10 अंशांच्या खाली. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिने मला अंगणातली तुळस झाकायला सांगितलं. मी रजईतूनच म्हटलं, "सोसेल गं ती, गीतेतच सांगितलंय!"

सकाळी पानं काळी पडली होती. आई एवढंच म्हणाली, "तुले थंडी वाजली त तू रजई ओढते. तिले हात हायेत का?"

खरंच होतं. 'सोस' हे भगवंतांनी मला सांगितलं होतं. मी ते तुळशीवर ढकललं. माणसांशीही आपण असंच वागतो ना?

आमच्याकडचे शेतकरी लहान रोपांना पऱ्हाट्यांचा आडोसा करतात, उन्हासाठी पूर्वेची बाजू मोकळी ठेवतात. बुंध्याशी पालापाचोळा घालतात. संध्याकाळी हलकं पाणी देतात, कारण ओली माती लवकर गार पडत नाही. स्वतः मात्र कुडकुडत जागलीला जातात. श्लोक त्यांना कळलाय!

आज रात्री बाल्कनीतली तुळस भिंतीजवळ सरकवा, वरून जुनी ओढणी घाला, सकाळी उन्हासाठी काढा. आणि आठवा, आपण कुणाला नुसतंच 'सहन कर' म्हणून रजई ओढून घेतलीय का? त्याला एक फोन करा.

जय हरी!