गज सैल करावा

पावसाळ्यात हवा ओलसर असते. या दिवसांत व्हायोलिन जपावं लागतं. वाजवण्याआधी गजाचे केस ताणायचे, त्यांना राळ लावायची. वाजवून झालं, की तारा मऊ कापडानं पुसायच्या. आणि गज सैल करायचा.

गज कायम ताणलेला राहिला, तर काठीचा बाक हळूहळू जातो. पंडित डी. के. दातारांच्या व्हायोलिनमधून जणू गळ्यातलं गाणं उमटायचं. असं वाजवायला गज बाकदार आणि लवचिक लागतो.

मित्रांनो, कामाला ताण हवाच. पण काम संपलं, की गज सैल करावा. साहेबांवरचा राग मुलांपर्यंत नेऊ नये. आज मन लावून काम करा. आणि संध्याकाळी घरच्यांशी बोलण्याआधी, आठवणीनं गज सैल करा.