आयतें आलेलें कोणाचें?

मृगाचे पहिले चार-पांच दमदार पाऊस झाले, ओढ्यांचें गढूळ पाणी नदीस मिळूं लागलें, म्हणजे जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिम डोंगरांतील वस्त्यांत एकच वार्ता फिरूं लागते कीं, मासे चढणीस लागले. उन्हाळाभर डोहांत दडून राहिलेला मासा नवें पाणी अंगाला लागतांच प्रवाहाच्या उलट निघतो. कुकडी, मीना, घोड ह्या नद्यांतून ओढ्यांत, ओढ्यांतून ओहळांत, आणि ओहळांतून थेट भातखाचरांच्या बांधापर्यंत. अंडीं घालण्यास त्यास उथळ व नवें पाणी हवें असतें. कोंकणांत ह्यासच वलगण म्हणतात.

अशा वेळीं मासा धरण्यास मोठें कसब लागत नाहीं. जेथें पाणी अरुंद वाटेनें कोसळतें तेथें दोन्ही कांठांस माणसें उभीं राहतात. बांबूची कामटी वांकवून केलेलें कडें, त्यास बांधलेली जाळीची झोळी, व धरावयास लांब दांडा, एवढेंच साधन. मासा धारेवर उडी घेतो, चुकतो, मागें पडतो. तो पडतो त्या जागीं झोळी धरिली म्हणजे झालें. पूर्वीं रात्रीं टेंभे पेटवीत, आतां विजेरी असते. मळ्या नांवाचा लहान मासा तर तोंडाखालच्या चकतीनें ओल्या खडकास चिकटत चिकटत वर चढतो, आणि पोरेंसोरें त्यास नुसत्या हातानें ओढून घेतात. (कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें 1839 सालीं दख्खनच्या माशांचें शास्त्रीय वर्णन छापिलें, तेव्हां मळ्या, शिंगटी अशीं येथील लोकांच्या तोंडचींच नांवें त्यानें लॅटिन भाषेंत नेऊन बसविलीं. डोंगरांतल्या माणसाची विद्या कोठवर जाते तें पाहावें!)

आतां प्रश्न असा आहे. ह्या दिवसांत धरलेल्या मादीचें पोट चिरलें तर तें गाभोळीनें भरलेलें निघतें. म्हणजे आपण एक मासा खातों तेव्हां पुढें होणारे किती तरी मासे त्याबरोबर खातों. तर असा मासा धरणें योग्य कीं अयोग्य? शहरांतील सुशिक्षित मनुष्य चटकन् ‘अयोग्य’ म्हणून मोकळा होतो. आम्हांस तितक्या चटकन् म्हणवत नाहीं. ज्येष्ठ-आषाढ हे महादेव कोळी, ठाकर व कातकरी घरांत कणगीचा तळ दिसण्याचे महिने. भाताची लावणी व्हावयाची आहे, नाचणी-वरई संपत आली आहे, दुकानदाराची उधारी वाढली आहे. अशा घरीं विनामोल आलेली एक टोपली, त्यांतले कांहीं मासे ताजे, कांहीं चुलीवरच्या धुरांत सुकवून ठेवलेले, ही चैन नव्हे. ज्याच्या ताटांत बारमाही कालवण आहे त्यानें ह्या टोपलीवर प्रवचन करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तथापि भूक खरी असली म्हणून भुकेच्या नांवानें केलेलें प्रत्येक समर्थन खरें होत नाहीं. ओढ्यावर नेहमीं ऐकूं येतें कीं, ‘मासा आपण होऊन दारीं आला, आम्हीं काय बोलाविला होता?’ मासा दारीं आला खरा, परंतु तो आपल्याकडे आला नव्हता; आपल्या दारावरून जात होता. वाटसरू अंगणांतून गेला म्हणजे त्याचें गाठोडें आपलें होतें काय? आयतें येणें निराळें आणि आपणांस दिलें जाणें निराळें. ओढ्याच्या वरच्या अंगास दुसरी वस्ती आहे, तिचीही ह्याच माशावर आशा आहे. आणि दहा वर्षांनीं ह्याच बांधावर झोळी घेऊन उभें राहणारें पोर आज आईच्या कडेवर आहे, त्याचाही ह्यांत वांटा आहे. त्याला तर भांडतांही येत नाहीं.

दुसरें समर्थन अधिक बिकट आहे. ‘माझ्या एका झोळीनें नदी का रिती होते?’ हें वाक्य बोलणारा खोटें बोलत नाहीं. ओढ्यावर चाळीस झोळ्या असल्या तर चाळीसही धनी हेंच बोलतात, आणि चाळीसही जण खरें बोलतात. तरी सकाळीं ओढा रिता असतो. खरें बोलणाऱ्या चाळिसांच्या हातून मिळून हें कसें घडलें? आमच्या समजुतीप्रमाणें दोष उत्तरांत नाहीं, प्रश्नांत आहे. ‘माझ्यानें काय होतें’ असें न विचारतां ‘आमच्यानें काय होतें’ असें विचारावयास पाहिजे. कारण चढणीच्या रात्रीं ओढ्यावर मनुष्य एकटा कधींच उभा नसतो.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस येथें मोशेच्या नियमशास्त्रांतील पक्ष्याच्या घरट्याचा नियम आठवेल: पिलें घ्यावीं, पण आईस सोडून द्यावें. नियम कोमल आहे, पण माशास तो जसाच्या तसा लागूं पडत नाहीं. पक्ष्याची आई व पिलें निराळीं असतात. येथें दोन्ही एकाच कातडींत आहेत. आईस सोडावें तर सर्वच सोडावें लागतें. म्हणून कोणता मासा धरावा ह्याचा नियम येथें चालत नाहीं, किती धरावे व कोठें थांबावें ह्याचाच चालतो. सुदैवानें माशांची कूस फार उदार असते. धरणांत वाढविलेल्या किलोभर रोहूच्या मादीच्या पोटीं लाखाच्या वर अंडीं असतात. लहान माशांचीं अर्थात् पुष्कळ कमी. तेव्हां निम्म्या माद्या जरी वर पोंचल्या तरी वंश चालण्याची आशा असते. पण कोणी तरी पोंचल्या पाहिजेत.

हा प्रश्न आपल्याच डोंगरांत आहे असें नाहीं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत काउलिट्झ नांवाची नदी आहे. तेथें हिंवाळ्याच्या शेवटीं समुद्रांतून एक वीतभर लांबीचा मासा अंडीं घालण्यास थव्यांनीं चढतो. तो इतका तेलकट कीं, सुकवून वात घातली तर मेणबत्तीप्रमाणें जळतो. तेथेंही लोक कांठावर उभे राहून लांब दांड्याच्या झोळीनें तो उपसतात. एके काळीं त्याची मोजदाद नव्हती. 2010 सालीं तेथील सरकारास तो धोक्यांत आलेल्या जातींत नोंदवावा लागला. हल्लीं एखाद्या वर्षीं कांहीं तासांपुरती परवानगी मिळते, तीही माणशीं दहा पौंडांची, म्हणजे सुमारें साडेचार किलोंची. आपल्या किनाऱ्यावरही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांस समुद्रांत मासेमारी बंद असते. परंतु सरकारी शिपाई प्रत्येक ओहळावर रात्रभर उभा राहूं शकत नाहीं, आणि राहावा अशी आमची इच्छाही नाहीं. सार्वजनिक कुरणें, रानें, पाणी व मासे ह्यांचा अभ्यास करून 2009 सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम बाईंनीं दाखवून दिलें कीं, अशी सामाईक ठेव नष्ट होणें अटळ नाहीं. जेथें वापरणारांनीं आपले नियम आपणच ठरविले व एकमेकांवर नजर ठेविली, तेथें ती पिढ्यान् पिढ्या टिकली आहे.

म्हणून आमची सूचना सरळ आहे. मृगापूर्वीं वस्तीनें एकत्र बसावें आणि मधली धार मोकळी ठेवण्याचें ठरवावें. झोळ्या कांठाच्या बाजूस धराव्या. आडवा बांध किंवा आडवें जाळें लावून सबंध ओढा कोणीं अडवूं नये. घरच्या टोपलीपुरतें झालें कीं दांडा खांद्यावर घ्यावा. बाजारासाठीं उपसणें ही निराळीच गोष्ट आहे, आणि तिची गणना आम्ही भुकेंत करीत नाहीं. विष कालवणें, सुरुंग उडविणें आणि आतां नव्यानें आलेला विजेच्या तारेचा प्रकार ह्यांविषयीं तर वाद करण्यासारखें कांहींच नाहीं. पहिल्या दोहोंस 1897 च्या कायद्यानेंच बंदी केली होती. त्यांत अंडें, पिलूं, खेकडा, बेडूक सर्वच मरतें, आणि खालच्या गांवचें पाणीही बिघडतें.

येथें एखादा विचारील, आणि रास्तपणें विचारील, कीं माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें हीं धरणें बांधून नद्या आडव्या अडविल्या, त्या भिंतींपुढें आमची झोळी ती काय? खालून आलेला मासा ती भिंत चढूं शकत नाहीं, आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या त्यांसच ‘थोडें घ्या’ म्हणून सांगणें ऐकावयास बरें वाटत नाहीं. डिंभ्याच्या जलाशयांत विस्थापित आदिवासींनीं सहकारी संस्था काढून मासेमारी हातीं घेतली, तें आम्हांस न्यायाचें वाटतें. परंतु दुसऱ्यानें मोठी वाट बंद केली म्हणून उरलेली लहान वाट आपण बंद करावी, हा हिशेब जुळत नाहीं. उलट भिंतीच्या वरच्या अंगास जे ओढे अजून मोकळे आहेत, त्यांचें मोल आतां दुपटीनें वाढलें आहे. भिंतीच्या पायथ्याशीं अडून घोटाळणाऱ्या माशांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांची वाट तुटलेली असल्यामुळें तेथें झोळी धरणारास आम्ही फारसा दोष देत नाहीं, मात्र तेथेंही कांहीं मासे परत फिरून खालच्या एखाद्या ओढ्यांत शिरतात, आणि त्या ओढ्याच्या तोंडाशीं कोणी उभें राहूं नये.