घरच्या बीअरचा कर्ता

घरी बीअर करणारा मनुष्य पाहुण्यापुढे पेला ठेवून 'ही मी केली' असे मोठ्या समाधानाने म्हणतो. या लहानशा वाक्यात कितपत तथ्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मद्यपान इष्ट की अनिष्ट हा वाद जुना असून त्यात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. उदाहरण अमेरिकेतले घेतो, कारण महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. तिकडे मात्र हा असंख्य गृहस्थांचा उघड आणि आवडता उद्योग होऊन बसला आहे.

हा गृहस्थ आरंभी बीअरच्या मागे लागत नाही, भांड्यांच्या मागे लागतो. सहलीला बर्फ नेण्याची जाड भिंतींची पेटी तो घेतो आणि तिच्यात बर्फाऐवजी ऊन पाणी व भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, घालतो. पेटीचा धर्म उष्णता अडवून धरण्याचा. ती आत यावयाची आहे की बाहेर जावयाची, याची तिला फिकीर नसते. तासभर ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्णमान टिकले की धान्यातलीच विकरे पिष्टाची साखर करून टाकतात. उष्णमान यापेक्षा थोडे कमी राहिले तर बीअर पातळ व कोरडी होते, चढले तर अंगाने भरीव होते. पेटीच्या तळावर छिद्रे पाडलेला दुसरा तळ बसवितात. पाहणाऱ्यास ती गाळणी वाटते. वस्तुतः गाळण्याचे काम सातूच्या टरफलांचा थर करतो, पत्रा त्यांस केवळ धरून ठेवतो. उतरलेला गोड रस मोठ्या पातेल्यात हॉपच्या फुलांसह तासभर उकळतात व मग त्यात तांब्याच्या नळीचे वेटोळे सोडून नळीतून थंड पाणी खेळवितात. सुमारे १९ लिटर रस शक्य तितक्या लवकर २० अंशांपर्यंत उतरवावा लागतो, कारण तो कोमट असताना हवेतला कोणताही जंतू त्यात घर करू शकतो. नंतर यीस्ट घालून झाकण लावावयाचे. आतला वायू बाहेर जाईल परंतु बाहेरची हवा आत शिरणार नाही, अशी पाण्याची नळी झाकणात खोवावयाची.

येथे गृहस्थाचे हात थांबतात. पुढचे कित्येक दिवस त्यास बुडबुड्यांच्या आवाजावाचून दुसरे काही कळत नाही.

आमच्याकडील गृहिणी रात्री 'विरजण लावले' म्हणते आणि सकाळी भांडे उघडून 'दही लागले' म्हणते. पहिल्या क्रियापदात ती आहे, दुसऱ्यात तिने आपणांस जागा ठेवलेली नाही. बीअरवाल्या गृहस्थाचे वाक्य या दृष्टीने तपासले तर त्यातील 'केली' हे क्रियापद संशयास्पद ठरते. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात बीअरला सातू, हॉप व पाणी एवढेच पदार्थ लागतात असे म्हटले आहे. यीस्टचा त्यात उल्लेख नाही! ज्याच्यावाचून बीअर होतच नाही त्याची नोंद घेण्याचे राजदरबारात कोणास सुचले नाही. पाश्चरने बीअरवरील आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला आणि कोपनहेगन येथे कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखविले. तोपर्यंतचे कारागीर आपल्या भांड्यात कोण काम करीत आहे हे न जाणताच उत्तम बीअर करीत होते. नॉर्वेतील शेतकरी लाकडी तुकड्यांचे कडे आंबत्या भांड्यात बुडवीत, वाळवून टांगून ठेवीत आणि पुढच्या वेळी तेच कडे रसात सोडीत. काही तरी जपावयाचे आहे इतके त्यांस ठाऊक होते. काय जपावयाचे, हे ठाऊक नव्हते.

मग बीअरचा कर्ता यीस्ट, मनुष्य निमित्तमात्र, असे म्हणून मोकळे व्हावे काय? पुष्कळांस हे उत्तर आवडते. त्यात विनयही दिसतो. परंतु हा विनय आम्हांस फार स्वस्त वाटतो. कारण बीअर कधी कधी नासते. तेव्हा 'जंतूंनी नासविली' असे म्हणून तो गृहस्थ हात झटकू लागला तर त्याचे सोबतीच त्यास हसतील. ते विचारतील, 'तोटी उघडून धुतली होतीस काय?' गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा व दैव अशी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत आणि केवळ आपणांसच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरविली आहे. या वचनाचा उत्तरार्धच लोक ध्यानात ठेवतात. पाचांच्या यादीत कर्त्याचे नाव आहे, ते कोणी खोडलेले नाही, याकडे दुर्लक्ष होते.

तोटीचा प्रश्न क्षुल्लक नाही. पातेल्याला बसवितात त्या तोटीच्या पोटात एक गोळा फिरत असतो. त्याच्या मागे गोड रस साचून राहतो आणि वरून कितीही पाणी ओतले तरी तो निघत नाही. त्यासाठी तोटी खोलावी लागते. प्लास्टिकच्या भांड्यावर पडलेल्या बारीक ओरखड्यांचीही तीच गोष्ट. ही ठिकाणे कोणत्याही पाहुण्यास दिसत नाहीत. म्हणून आमच्या मते या सर्व मांडणीतला नीतीचा भाग तेथे आहे: जी खोलता येत नाही ती तोटी न बसविणे आणि बसविली ती दर खेपेस खोलणे. श्रेय पाचांत वाटले जात असताना दोष मात्र एकट्याच्या पदरात पडतो, हा अन्याय आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. इतर चौघांस कोणी जाब विचारू शकत नाही, आणि हा भार पत्करूनच त्याने भांडी मांडली होती.

या भाराचे खरे वजन बाटलीत कळते. एका खेपेच्या सुमारे पन्नास बाटल्या होतात. त्या भरताना फेसासाठी थोडी साखर घालतात. आंबणे पुरते होण्यापूर्वीच बाटली भरली, किंवा साखर जास्त पडली, तर वायूच्या दाबाने काच फुटते. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्याने एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, आणि दोन अथवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बीअर करावरहित करण्याची मुभा मिळाली. परंतु विकण्याची नाही. म्हणजे ती स्वतः प्यावयाची किंवा देऊन टाकावयाची. घेणाऱ्याने दाम दिलेले नसते आणि बाटलीवर कारखान्याचे नाव नसते. तो विश्वासावर ती घरी नेतो व मुलांच्या हाती लागेल अशा फळीवर ठेवतो.

घनतामापकाचा आकडा ओळीने दोन-तीन दिवस खाली सरकला नाही म्हणजेच बाटल्या भराव्या, असा तेथील जाणत्यांचा दंडक आहे. पाहुणे अमक्या रविवारी येणार हे ठरलेले असते, तिकडे आकडा थोडाथोडा उतरतच असतो, आणि भरून टाकण्याचा मोह अनावर होतो. ज्यास तो आवरतो, त्यास पाहुण्यांसाठी दुकानातली बीअर आणावी लागते.