निःपक्षपाती पंच

टेक्सास राज्यांत स्थायिक झालेला आमचा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं आमच्या घरीं येऊन गेला. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणें हा त्याचा धंदा. परंतु अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉलचा विषय निघतांच हा गृहस्थ त्याच संगणकाबद्दल अशा शेलक्या शब्दांत बोलूं लागला कीं आम्ही थक्क झालों. "सर, ४५–३५!" एवढेंच तो वरचेवर म्हणे. ज्या यंत्रावर ह्याचें पोट चालतें त्यानें खेळाचा निवाडा दिला तर मात्र तो ह्यास मान्य नाहीं, ही गोष्ट प्रथम आम्हांस हास्यास्पद वाटली. पुढें तिचा विचार करूं लागलों तेव्हां आमचें हसूं ओसरलें.

वाचकांस हा खेळ फारसा परिचित नसेल. त्याच्या नांवांत पाय असला तरी चेंडू बहुधा हातांतच असतो. वरच्या वर्गांत शंभराहून अधिक कॉलेजांचे संघ, आणि नियमित हंगामांत प्रत्येकाच्या वांट्याला साधारण बाराच सामने; त्यामुळें बहुतेक संघांची एकमेकांशीं गांठच पडत नाहीं. मग सर्वश्रेष्ठ कोण? पूर्वीं हें वृत्तपत्रकार व प्रशिक्षक मतें देऊन ठरवीत, आणि मतें म्हटलीं कीं प्रांताभिमान आलाच. इलिनॉय विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकविणारे प्रा. डिकिन्सन यांनीं १९२६ च्या सुमारासच गणिती क्रमवारी सुरू केली होती. पुढें १९९८ पासून २०१३ च्या हंगामापर्यंत 'बोल चॅम्पियनशिप सीरीज' नांवाची व्यवस्था होती. अंतिम सामन्याचे दोन संघ निवडतांना ती मतदानाच्या जोडीला संगणकांच्या क्रमवाऱ्या जमेस धरी. यंत्राला ना गांव ना गोत. तेव्हां तें निःपक्षपाती असणार, ही अपेक्षा.

परंतु २००३ सालीं लोक खवळले. दोन्ही मतदानांत सदर्न कॅलिफोर्निया पहिला असतांना एकत्रित यादींत तो तिसरा ठरला. आणि आदल्याच सामन्यांत कॅन्सस स्टेटकडून ३५–७ असा सपाटून मार खाल्लेला ओक्लाहोमा पहिला राहिला. अंतिम सामना लुइझियाना स्टेटनें २१–१४ असा जिंकला, वृत्तपत्रकारांनीं मान सदर्न कॅलिफोर्नियास दिला, आणि एका वर्षाला दोन विजेते झाले. पुढच्या वर्षीं संगणकांचें वजन एक-तृतीयांशावर आणण्यांत आलें.

आमच्या विद्यार्थ्याची जखम २००८ ची. टेक्सासनें ओक्लाहोमाला ४५–३५ असें हरविलें; टेक्सास टेकनें टेक्सासला ३९–३३ असें; आणि ओक्लाहोमानें टेक्सास टेकला ६५–२१ असें. तिघांचीही ११ सामन्यांत जीत, एकांत हार. गटाच्या अंतिम सामन्याला कोणी जावें हें त्या एकत्रित यादीवर सोंपविलें होतें, आणि तिनें ओक्लाहोमाला पाठविलें. "आम्हीं त्यांना त्रयस्थ मैदानावर हरविलें, मग ते आमच्या पुढें कसे?" हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण टेकचा चाहता तोच प्रश्न टेक्सासला विचारील. हें वर्तुळ कोठें तरी तोडणें भागच होतें. आमच्या शिष्याला हें गणित आमच्यापेक्षां चांगलें कळतें. तें आपल्या बाजूला तुटलें नाहीं, एवढीच त्याची तक्रार, असें आम्हीं त्याला तोंडावर सांगितलें.

मात्र तक्रारीचा खरा गाभा ह्याहून खोल आहे. आरंभीं कांहीं संगणक विजयाचें अंतरहि मोजीत. त्यामुळें दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावरहि तुडवीत राहण्यांत प्रशिक्षकाचा फायदा. म्हणून २००२ पासून अंतर मोजण्यास बंदी झाली. सॅगारिन नांवाचे एक क्रमवारीकार त्यानंतर दोन याद्या देऊं लागले: एक नियमाप्रमाणें, दुसरी अंतर धरून, आणि पुढचा निकाल ओळखण्यास दुसरीच अधिक उपयोगी, असें ते स्वतःच सांगत. म्हणजे अधिक अचूक मोजमाप हातीं असतां खिलाडूपणासाठीं तें बाजूस ठेवलें. आमच्या मतें तें योग्यच झालें. पण मग 'श्रेष्ठ कोण' हा एक प्रश्न उरत नाहीं. मान कोणी कमावला हा एक. उद्यां गांठ पडली तर कोण जिंकेल हा निराळा. यंत्र दोहोंचें उत्तर देईल. कोणता विचारावा हें मात्र तें ठरवीत नाहीं. तें माणसांनीं आधींच ठरविलेलें असतें, आणि चाहत्याच्या कानावर येतो तो केवळ आंकडा.

त्यांतहि सहा संगणकांपैकीं एकट्या कोली यांचेंच सूत्र संपूर्ण उघड होतें. २०१० सालीं त्यांच्या गणितांत ॲपलेशियन स्टेट व वेस्टर्न इलिनॉय यांचा एक सामना राहून गेल्याचें एका बाहेरच्या जाणकारानें पडताळून दाखविलें. दुरुस्ती करतांच लुइझियाना स्टेट व बॉइसी स्टेट यांच्या दहाव्या-अकराव्या जागांची अदलाबदल झाली. ज्यानें दार उघडें ठेवलें त्याची चूक सांपडली. बाकीच्या पांचांचें काय, हें विचारण्यास गणिती असावें लागत नाहीं. आम्हीं अनेक वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. ३४ गुण कां, ३५ कां नाहींत, असें मुलानें विचारलें म्हणजे आम्हीहि बेरीज दाखवितों. त्यापुढें कारण विचारलें कीं आम्हांला राग येतो.

२०१४ पासून संगणक गेले आणि तेरा माणसांची समिती आली. २०२३ सालीं फ्लोरिडा स्टेटनें तेराच्या तेरा सामने जिंकले, तरी मुख्य खेळाडू जायबंदी झाला म्हणून त्यास चौघांत घेतलें नाहीं. एकेक सामना हरलेले अलाबामा व टेक्सास आंत आले. येथें समितीनें गुपचूप दुसरा प्रश्न विचारला होता. पुढें अनेक खेळाडू मैदानांत न उतरलेला फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३–३ असा हरला. समितीचे कैवारी त्यास पुरावा म्हणाले, इतर म्हणाले, पोरांचें मनच मोडलें होतें. परंतु समितीच्या अध्यक्षांस लोकांसमोर येऊन कारण तरी द्यावें लागलें, आणि त्या कारणावर लोकांस भांडतां आलें.

ह्या निवडीबद्दल आम्हीं शिष्याचें मत विचारलें. आपला टेक्सास त्या वर्षीं आंत होता, हें आठवून तो कांहीं वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिला. "तें अन्यायाचें झालें असेल, सर," तो म्हणाला, "पण ४५–३५ तें ४५–३५च."